चारशे सातबारे, तरी कायद्याच्या लेखी व्यापारी

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे चारशेच्या वर सभासद आहेत आणि एकूण एक शेतकरी आहेत. सातबारा आणि आठ-अ दिल्याशिवाय आम्ही कुणाचा शेअरचा अर्ज घेतच नाही. कायद्याचीही तीच अट आहे: उत्पादक कंपनीत सभासद व्हायचं तर तो उत्पादकच हवा. प्रा. योगिंदर अलघ यांच्या समितीने ही रचना सुचवली, २००२ च्या दुरुस्तीने ती कंपनी कायद्यात आली आणि २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कायद्यात तिचं वेगळं प्रकरण झालं. किमान दहा उत्पादक, किमान पाच संचालक, आणि शेअर दहा असोत की हजार, मत एकच. बाहेरचा पैसेवाला येऊन कंपनी ताब्यात घेऊ शकत नाही. हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. मराठवाड्यात तूर पिकवायची आपण आणि डाळीवरचा नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात जायचा, हे मी लहानपणापासून बघत आलोय. आपली मिल असावी, ही इच्छा तिथूनच आली.

पण कंपनी कायद्यातलं ते एक प्रकरण सोडलं, तर मिल उभी करताना आणि चालवताना ज्या ज्या कायद्याशी गाठ पडली, त्या प्रत्येकाने एकच सांगितलं: सुटे असाल तोवर शेतकरी, एकत्र आलात की व्यापारी. जमिनीच्या कायद्याने सांगितलं, पणन (शेतमाल खरेदी-विक्रीच्या) कायद्याने सांगितलं, आणि सगळ्यात जास्त जाचलं ते जीवनावश्यक वस्तू कायद्याने. हे सविस्तर लिहितोय, कारण नव्या कंपन्या सारख्या निघतायत. प्रशिक्षणात नोंदणी कशी करायची ते शिकवतात. नोंदणीनंतर काय अंगावर येतं, ते कुणी सांगत नाही.

पहिला अडसर जागेचा. रस्त्यालगतची वीस गुंठे जागा एका सभासदाने देऊ केली. तो विकायला तयार, आम्ही घ्यायला तयार. खरेदीखताचा मसुदा करायला वकिलांकडे गेलो, तर ते म्हणाले, कंपनीच्या नावाने शेतजमीन घेता येणार नाही. मराठवाड्यात आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० चालतो. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा. दोन्हीत शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मी म्हटलं, अहो, आम्ही सगळे शेतकरीच आहोत की. ते म्हणाले, तुम्ही आहात, तुमची कंपनी नाही. कंपनी म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि त्या व्यक्तीच्या नावावर सातबारा नाही.

उद्योगासाठी जमीन घ्यायला सवलतीचं कलम आहे. पण त्याच्या अटी आणि झोनचा दाखला यात वर्ष निघून गेलं असतं आणि कर्जमंजुरीची मुदत संपली असती. शेवटी सभासदाने स्वतःच्या नावावर जागा एनए (बिगरशेती) करून घेतली आणि कंपनीला नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिली. बँकेला नुसत्या भाडेपट्ट्यावर भागेना, म्हणून तो सभासद जामीनदार झाला आणि जागाही तारण राहिली. चारशे जणांच्या मिलसाठी एका माणसाची जमीन गहाण पडली, हे मला आजही बरोबर वाटत नाही. जो कुणी या वाटेने जाणार असेल त्याने भाडेपट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा चांगली लांब ठेवावी आणि जागामालकाच्या वारसांच्या सह्या आत्ताच घ्याव्यात.

परवान्यांच्या रांगेबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते. डाळ मिल प्रदूषण मंडळाच्या हिरव्या वर्गात येते. आधी उभारणीची संमती, मग चालवायची संमती. धुळीसाठी सायक्लोन (हवेतली धूळ ओढून गोळा करणारं यंत्र) बसवला नसेल तर दुसरी मिळत नाही, आणि तो बसवायलाच हवा, कारण तुरीच्या टरफलाची बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाते. अन्नसुरक्षेचं लहान उलाढालीला नुसत्या नोंदणीवर भागतं, पुढे राज्याचा परवाना. वैधमापनवाल्यांकडून वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा. विजेला औद्योगिक दर. यातल्या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. डाळ लोकांच्या पोटात जाते. तिच्यावर नजर असायलाच हवी.

एक गोष्ट मात्र इथे ठळक सांगून ठेवतो. या सगळ्या अर्जांमध्ये मिलची क्षमता विचारतात. कुणी रोजची विचारतं, कुणी वर्षाची, कुणी तासाची. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच हिशेब लिहिला: रोजचे ४ टन, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,२०० टन. यंत्र बसवणाऱ्याकडून आणि चार्टर्ड इंजिनिअरकडून तसा दाखलाही घेतला. तेव्हा हे जास्तीचं काम वाटलं होतं. पुढे साठामर्यादा आली तेव्हा आमच्या बाजूने उभा राहिलेला हाच एक कागद होता.

आता बाजार समिती. महाराष्ट्राचा पणन कायदा १९६३ चा आहे. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला त्याच्या नियमनातून काढला, तूर मात्र आत राहिली. म्हणजे बाजार आवाराबाहेर तूर घ्यायची तर परवाना हवा. आमच्याच सभासदाची तूर, त्याच्याच कंपनीच्या मिलमध्ये, तरी ती 'खरेदी'. त्यासाठी थेट पणन परवान्याचा अर्ज केला. ठराव, संचालकांची यादी, ताळेबंद, जागेचे कागद आणि बँक हमी. हमी म्हणजे आमच्या तुटपुंज्या भागभांडवलातला एक तुकडा बँकेत अडकून पडणार. तेवढ्याच पैशात हंगामात तूर आली असती.

परवाना मिळाला आणि सेसही, म्हणजे समितीची बाजार फी, सुरू झाला. आमच्या आवारात ना समितीचा काटा, ना मापाडी, ना हमाल, ना लिलाव. तरी दर पोत्यामागे बाजार फी समितीला भरायची. परवान्याच्या अटीच तशा आहेत, म्हणून आम्ही नियमाने भरत आलो; पावत्यांची फाईल जपून ठेवली. माझं म्हणणं एवढंच, की ज्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा एकच आहे, तिथे फी कसली घ्यायची? सभासदाने आपली तूर आपल्या घरच्या जात्यावर भरडली तर सेस नाही. चारशे जणांनी मिळून मोठं जातं घेतलं की लागतो.

२०२० च्या जूनमध्ये केंद्राने शेतीविषयक तीन अध्यादेश काढले. त्यातल्या एकाने आवाराबाहेरच्या व्यवहारावरचा सेसच काढून टाकला होता. सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षअखेरीस ते मागे घेतले गेले. त्या कायद्यांबद्दल आमच्या कंपनीतच दोन मतं होती, आजही आहेत. पण दीड वर्षात नियम दोनदा उलटेपालटे झाले आणि त्याच काळात आम्ही प्रकल्प अहवाल लिहीत होतो. सेस धरायचा की नाही, यावर बँकेच्या अधिकाऱ्याने आमच्याकडून तो तक्ता दोन्ही पद्धतीने करून घेतला.

मिल उभी राहत असताना १८ जुलै २०२२ ही तारीख आली. त्याआधी जीएसटी लागायचा तो ब्रँडच्या डाळीवर. ब्रँड नोंदवलेला नसेल आणि त्यावरचा हक्क लेखी सोडला असेल, तर कर नव्हता. आमचा सगळा हिशेब त्यावर होता: एक किलो आणि पाच किलोची पाकिटं, साधं कंपनीचं नाव, बचत गटांच्या आणि आठवडी बाजाराच्या मार्फत विक्री. चंदीगडच्या बैठकीत जीएसटी परिषदेने ब्रँडची अट काढली आणि २५ किलोपर्यंतच्या आधीच बंद केलेल्या, लेबल लावलेल्या प्रत्येक पाकिटावर ५ टक्के लावले. सुटी डाळ विकली तर कर नाही. २५ किलोच्या वरचा कट्टा असेल तरी नाही.

त्याच दिवसापासून धान्य चाळणारी, निवडणारी आणि दळणारी यंत्रं ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली. आमच्या कलर सॉर्टरची (रंगावरून डाळ निवडणाऱ्या यंत्राची) ऑर्डर आधी दिलेली, यंत्र आलं नंतर. वीस लाखांच्या यंत्रावर एक लाख कर धरलेला, तो तीन लाख साठ हजार झाला. प्रकल्प अहवालात, बँकेच्या मंजुरीत, कुठेच ही रक्कम नव्हती. संचालकांनी आपापसात हातउसने घालून ती भरली. त्यात एका ताईंनी बचत गटातून उचल घेतली, हे मला नंतर कळलं.

भरलेला कर परत वळता करून घेता येतो, असं सगळेच सांगतात. येतो, पण ज्या प्रमाणात करपात्र विक्री असेल त्याच प्रमाणात. डाळीचा मोठा हिस्सा ३० किलोच्या कट्ट्यात, करमुक्त विकला, तर यंत्रावरचा तेवढा कर अंगावर बसतो. पाकिटात विकला तर कर वळता होतो, पण गिऱ्हाईकाला किलोमागे पाच-सहा रुपये जास्त मोजावे लागतात, आणि शेजारच्या किराणा दुकानात तीच डाळ कट्टा फोडून सुटी, बिनकराची मिळते. आम्ही दोन्हीचा मेळ घालत बसलो. व्यापाऱ्याला हे अवघड नाही. त्याच्याकडे हिशेबनीस असतो आणि दहा मालांत तो खर्च वाटला जातो. आमचा माल एकच, आणि हिशेब लिहायला गावातली बारावी झालेली एक मुलगी. ती आता जीएसटीचे परतावे स्वतः भरते. तिचं मला फार कौतुक आहे.

पाकिटावरच्या मजकुराचं एक वेगळंच प्रकरण आहे. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, बॅच नंबर, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, किलोचा पडता दर, ग्राहक तक्रारीसाठी फोन. अक्षराची उंचीसुद्धा ठरलेली आहे. छापणारा सांगेल की 'सगळे असंच छापतात'. त्याचं ऐकू नका. नमुना आधी कागदावर छापून वैधमापनाच्या माणसाला दाखवून घ्या आणि मगच रोलची ऑर्डर द्या. एका रोलमध्ये हजारो पाकिटं निघतात.

आता मूळ दुखणं. २०२२-२३ च्या हंगामात पावसाने आणि मर रोगाने तुरीचं उत्पादन घटलं. हमीभाव क्विंटलला ६,६०० रुपये होता आणि बाजार सुरुवातीपासूनच त्याच्या वर होता. आमची पद्धत अशी की सभासदाने तूर आणली की वजन, ओलावा तपासायचा, पोत्याला त्याच्या सभासद क्रमांकाची चिठ्ठी शिवायची आणि त्या दिवशीच्या भावाच्या सत्तर टक्के उचल त्याच्या खात्यावर टाकायची. डाळ विकली गेली की उरलेले पैसे आणि नफ्यातला वाटा. ज्यांना गरज नाही ते उचल घेतही नाहीत. नुसती तूर ठेवतात, कारण आमच्या गोडाऊनला खाली लाकडी फळ्या आहेत, धुरीकरण होतं आणि उंदीर नाही.

२ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानाला ५ टन, मिलवाल्याला गेल्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यात जे जास्त असेल ते. आमची मर्यादा ३०० टनांची झाली. साठा त्याच्या खूप खाली होता. सरकारी पोर्टलवर दर आठवड्याला साठ्याचा आकडा भरायचा, तो भरत होतो. शहरातल्या माणसाला डाळ परवडली पाहिजे हे मलाही पटतं. डाळ महागली की गरिबाच्या ताटातलं वरण पातळ होतं.

मग २५ सप्टेंबरला मर्यादा खाली आणली. घाऊक व्यापाऱ्याला ५० टन आणि मिलला एका महिन्याचं उत्पादन किंवा क्षमतेच्या १० टक्के. एका झटक्यात आमचे ३०० टन १२० वर आले. त्या दिवशी गोडाऊनमध्ये १८५ टन होते: ७० टन कंपनीने पूर्ण पैसे देऊन घेतलेले, ११५ टन सभासदांच्या चिठ्ठ्यांचे.

तपासणीला आलेले पुरवठा निरीक्षक सभ्य माणूस होते. त्यांनी थप्प्या मोजल्या, एक थर किती पोत्यांचा ते पाहिलं, दोन-चार पोती काट्यावर चढवली. मी त्यांना चिठ्ठ्या दाखवल्या. सभासद नोंदवही दाखवली, कुणाचं पोतं कोणत्या थप्पीत आहे ते दाखवलं. ते म्हणाले, साहेब, गोडाऊन कुणाच्या नावावर? कंपनीच्या. मिल कुणाची? कंपनीची. पोर्टलवर नोंदणी कुणाची? कंपनीची. उचलीबद्दल मी सांगायला लागलो तर त्यांनी सेसच्या पावत्यांची फाईल मागवली. पोतं आवारात आलं त्याच आठवड्यात सेस भरलेला, पावतीवर 'खरेदीदार' म्हणून कंपनीचं नाव. त्यांनी पावतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, खरेदी केली नव्हती तर सेस का भरला?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कायद्याकडेच नाही. पणन कायदा म्हणतो पोतं दारात आलं की खरेदी. आमचा सभासदांशी करार म्हणतो शेवटचा हिशेब होईपर्यंत माल सभासदाचा. जीवनावश्यक वस्तू कायदा पाहतो तो फक्त ताबा. शेतकऱ्याने आपल्या घरात पन्नास क्विंटल तूर ठेवली तर त्याला कुणी विचारत नाही. तीच पोती कोरड्या, सुरक्षित जागी, आपल्याच कंपनीत आणून ठेवली की ती साठ्यात मोजली जातात.

त्या रात्री संचालक मंडळाची बैठक झाली. १९५५ च्या या कायद्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, माल जप्त होऊ शकतो, आणि गुन्हा कंपनीचा असला तरी जबाबदार माणसांवर येतो, हे सीएने समजावून सांगितलं. आमच्यातले सगळ्यात वडील संचालक नाना. साडेतीन एकर कोरडवाहू. गोडाऊनमध्ये त्यांचीच नऊ पोती होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मी माझी तूर माझ्या मिलीत ठिवली, आन् मी साठेबाज?" कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने फोन करून विचारलं, वडलांचा राजीनामा चालेल का. मी घरी जाऊन नानांशी बोललो. ते थांबले. पण पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात न चढलेल्या माणसाच्या मनात ती भीती कुणी घातली, याचा राग मला अजून आहे.

साठा ठरलेल्या मुदतीत खाली आणायचा होता. ज्यांनी उचल घेतली नव्हती त्यांना पोती घरी न्यायला सांगितलं. ट्रॅक्टर लागले, हमाली पुन्हा पडली, आणि घरात धुरीकरण करता येत नसल्यामुळे पुढे कित्येकांच्या तुरीला भुंगा लागला. उरलेल्याची दोन पाळ्यांत डाळ केली. पण नुसती डाळ करून भागत नाही, ती आवारातून बाहेर गेली पाहिजे. आणि आमच्याकडून डाळ घेणारे घाऊक व्यापारी स्वतःच २०० वरून ५० टनांवर आलेले. त्यांची गोडाऊनं भरलेली. जो तो फोनवर म्हणायचा, माल चांगला आहे हो, पण ठेवू कुठे? भाव पाडून डाळ काढावी लागली. तूर बाजारात दहा हजारांच्या पुढे गेलेली असताना आमच्या सभासदांच्या वाट्याला त्या महिन्यात त्याहून कमीच पडलं.

नोव्हेंबरात केंद्राने मर्यादा पुन्हा २०० टन आणि तीन महिने किंवा २५ टक्क्यांवर नेली. आमचे ३०० टन परत आले. तोवर गोडाऊन निम्मं रिकामं झालेलं.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. जे तीन कायदे मागे घेतले गेले, त्यातला एक जीवनावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती होता. त्यात असं होतं की प्रक्रिया करणाऱ्याचा साठा त्याच्या स्थापित क्षमतेच्या आत असेल तर साठामर्यादेचा आदेश त्याला लागू होणार नाही. बाकीच्या तरतुदींवर कुणाचं काहीही मत असो, एवढी तरतूद आमच्यासारख्यांना जगवणारी होती. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि मिल चालते वर्षभर. क्षमतेच्या दहा टक्के साठा म्हणजे महिना-सव्वा महिन्याचं काम. मग हंगामातली सभासदांची तूर घ्यायची कुणी? ज्याला मिल चालवायची घाई नाही आणि ज्याची माणसं दहा नावांनी माल ठेवू शकतात, त्यानेच.

दरवर्षीची कंपनीची कागदपत्रं हा आणखी एक खर्च. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेत गेलं नाही तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, त्याला कमाल मर्यादा नाही. संचालकांची केवायसी चुकली तर माणशी ५,००० रुपये. तीन वर्षं ताळेबंद दिला नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. अन्नसुरक्षेचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत, तिथेही उशिराला दिवसाला १०० रुपये. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अंतर्गत लेखापरीक्षण सक्तीचं. आयकरात २०१८ च्या अर्थसंकल्पाने १०० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना नफ्यावर पूर्ण वजावट दिली होती, पण ती मुदतीची होती, फक्त सभासदांच्या मालाच्या नफ्यावर होती, आणि विवरणपत्र वेळेत भरलं तरच मिळायची. शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीने यातलं काहीच केलं नाही. व्यवहार बंद पडल्यावरही दंड चालूच राहिला आणि तो भरण्यापुरतेही पैसे उरले नाहीत. तिचे संचालक चांगले, कष्टाळू शेतकरी होते.

२१ जून २०२४ ला तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा आली, ३० सप्टेंबरपर्यंतची. तोपर्यंत आम्ही पद्धत बदलली होती. सभासदाची तूर आता आमच्या गोडाऊनमध्ये येत नाही. ती नोंदणीकृत वखारीत सभासदाच्या स्वतःच्या नावाने ठेवतो, त्याच्या नावाने इलेक्ट्रॉनिक वखार पावती निघते आणि त्या पावतीवर त्याला बँकेचं कर्ज मिळतं. कंपनीने उचल द्यायचा प्रश्नच मिटला. मिल लागेल तेवढीच तूर, महिन्याच्या हिशेबाने, सभासदाकडून विकत घेते. सेस त्या वेळी, खरेदीही त्याच वेळी, आणि सगळे कागद एकच गोष्ट सांगतात. राज्य वखार महामंडळाच्या भाड्यात शेतकऱ्याला सवलत आहे, तिचा उपयोग होतो. पण वाहतूक दोनदा पडते, हमाली दोनदा पडते, आणि कर्ज काढून बांधलेलं आमचं स्वतःचं गोडाऊन निम्मं रिकामं राहतं. साठामर्यादेच्या भीतीपोटी सभासद हा खर्च सोसतायत.

आम्ही आणि आजूबाजूच्या काही कंपन्यांनी मिळून निवेदन तयार केलं आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. सभासदाची तूर त्याच्याच उत्पादक कंपनीने प्रक्रियेसाठी घेतली तर तिच्यावर बाजार फी नको. आणि साठामर्यादेच्या आदेशात एक ओळ घाला: शेवटचा हिशेब होईपर्यंत सभासदाचा माल कंपनीच्या साठ्यात धरू नये. याचा गैरफायदा घेऊन कुणी व्यापारी शेतकऱ्यांच्या नावाने माल दडवेल, ही शंका खरी आहे आणि तिचं उत्तरही निवेदनात दिलंय. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. कुणी किती क्षेत्रावर तूर पेरली याची सातबाऱ्यावर नोंद असते. सभासद नोंदवही, ई-पीक पाहणी आणि पोत्यावरची चिठ्ठी, तिन्ही जुळले तरच सवलत द्या. जुळलं नाही तर खुशाल कारवाई करा. साडेतीन एकरांतून दोनशे पोती तूर निघत नाही, हे कुठल्याही तलाठ्याला कळतं.

ज्या कंपन्यांना यात सोबत यायचं आहे त्यांनी २०२३ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या साठ्याच्या नोंदी, पोर्टलवर भरलेल्या आकड्यांच्या प्रती आणि त्या काळातल्या डाळविक्रीची बिलं काढून ठेवावीत. निवेदनासोबत प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र तक्ता जोडायचा आहे: किती साठा होता, त्यातला सभासदांच्या नावाचा किती, आणि मर्यादा पाळायला किती भाव पाडून विकावा लागला.